उंचीची हाक

सौगातचा आवाज डोक्यावरच्या जाळीतून उतरला, आणि बिपनाने तोंडातली लप्सीच्या फळाची आंबट वडी चावायची थांबवून तशीच गालात धरून ठेवली. "नमस्कार. मी फर्स्ट ऑफिसर सौगात ढकाल. आपण आता पंधरा हजार फूट उंचीवर आहोत. विराटनगरला हवा धुरकट आहे, पण उतरण्याइतकं दिसतंय." मग तेच इंग्रजीत. जवळजवळ वर्षभर तिने हा आवाज ऐकला नव्हता. तो बदललेला असेल असं तिने का धरून चाललं होतं कोण जाणे, पण तो बदलला नव्हता. थोडी सर्दी झाल्यासारखा, वाक्य संपताना किंचित खाली जाणारा, आणि 'उंची' म्हणताना मात्र स्वच्छ, कोरलेला. खिडकीबाहेर पंख्याचं चक्र दिसेनासं होऊन फक्त एक करडी थरथर उरली होती. तिची जागा उजवीकडे होती, डोंगर डावीकडे. तिकीट घेताना खिडकीवरच्या माणसाने विचारलंही होतं, हिमाल नको का, आणि ती म्हणाली होती, नको. आता तिला वाटलं, उजवीकडेच बसले ते बरं. तोही उजवीकडेच बसलाय, आठ-नऊ रांगा पुढे, एका दाराआड. दोघांच्या मध्ये पत्रा आहे, चहाची भांडी आहेत आणि सोन्याच्या कुड्या घातलेली एक म्हातारी आहे. आणि लगेच, सवयीने, तिच्या डोक्याने हिशेब केला: या कंपनीत ज्याचे हात मोकळे असतात तो प्रवाशांशी बोलतो. म्हणजे विमान कप्तान चालवतोय. सौगात नजर ठेवतोय.

"घाबरलात का, बहिनी?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. काठमांडूत विमानात बसल्यापासून ते तिला लप्सीच्या वड्या देत होते. "वडी खा. कान दुखत नाहीत."

"नाही दाइ, घाबरले नाही."

"मी घाबरतो. महिन्यातून दोनदा जातो आणि दोन्ही वेळा घाबरतो." ते हसले. विराटनगरचे होते, लोखंडी सळयांचा धंदा. "आणि गंमत बघा, माझ्या धाकट्याला यातच जायचंय. पायलट व्हायचंय म्हणे. पुतलीसडकच्या त्या पायलट-कोर्सच्या ऑफिसात घेऊन गेला मला काल. भिंतभर आलेख. रेघ अशी!" त्यांनी तळहात तिरका वर नेला. "म्हणे सगळ्या आशियात पायलटांची टंचाई आहे."

"मग घालताय का?"

"बहिनी, मी तीस वर्षं माल विकतोय. बाजारात टंचाई आहे, टंचाई आहे म्हणून जो ओरडत फिरतो ना, त्याचं गोदाम भरलेलं असतं. एवढं कळतं मला." त्यांनी वडीचा कागद घडी करून खिशात ठेवला. "पण पोरगं ऐकतंय का? आणि आलेख तर खरा वाटतो हो."

"आलेख खराच आहे, दाइ," बिपना म्हणाली. आपण पायलट आहोत हे तिने सांगितलं नाही. ते ती हल्ली कोणालाच सांगत नसे, कारण त्यापुढचा प्रश्न ठरलेला असे: कुठल्या कंपनीत?

आलेख खरा होता, हाच तर सगळा घोळ होता. खोटा असता तर राग कुठे ठेवायचा हे तरी कळलं असतं. तिलाही तोच आलेख दाखवला होता, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, थंडगार हवेत, बा आणि आमा तिच्या दोन बाजूंना. बा पलटणीतून निवृत्त झालेले, धरानचे लाहुरे, परदेशी फौजेतले गोरखे. हॉटेलातही ते पाठ खुर्चीला टेकवत नसत. पडद्यावरची रेघ वर गेली तशी त्यांची हनुवटी वर गेली. फिलिपिन्सहून परवाना घेऊन परत आल्यावर, कितीतरी महिन्यांनी, बिपनाने तोच आलेख एका कागदावर पुन्हा काढून पाहिला होता, भौतिकशास्त्राच्या तासाला काढायची तसा, अक्षांना नावं देऊन. आणि तेव्हा तिला दिसलं की कमतरता खरी आहे, फक्त ती एका लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. कंपन्यांना हवे होते हजारो तास उडालेले कप्तान. नळीच्या या तोंडाशी तिच्यासारखी दोनशे तासांची पोरं ओतली जात होती, आणि मध्ये कुठेतरी नळी इतकी अरुंद होती की एका वेळी एकच माणूस आत शिरेल. तास मिळवायला नोकरी हवी, नोकरी मिळवायला तास. एखाद्या रासायनिक क्रियेत सगळ्यात मंद पायरी सगळ्या क्रियेचा वेग ठरवते. मागे कितीही माल ओता, पुढे थेंबच पडतो. पण जो ओतणारा असतो त्याला ओतण्याचेच पैसे मिळतात. हे तिने बांना समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा बा शांतपणे म्हणाले होते, "आमच्या भरतीचंही तसंच होतं. वाळू भरलेलं डोको, ही एवढी बांबूची टोपली, पाठीवर, पट्टा कपाळावर, आणि डोंगर चढायचा पळत. पोरं शेकड्यांनी, जागा मूठभर. माझ्यापुढे मणिराज होता, माझा मितजू, मानलेला भाऊ. वळणावर पडला. डोकोच्या टोपलीखाली अडकला, हाक मारत होता." आणि मग, लहान पोरीला म्हणतात तसं तिला नानी म्हणत, "मागे वळून पाहायचं नाही, नानी. वळलं की डोको हलतं." ही गोष्ट ते अभिमानाने सांगतात की कशाने, हे तिला लहानपणापासून कधी कळलं नव्हतं.

सौगात भेटला काठमांडूच्या सिनामंगलमध्ये, ती भाड्याने राहायची त्याच घरात, वरच्या खोलीत. तोही दोनशे तासांचा. घराला गच्ची होती आणि गच्चीवरून धावपट्टीचं टोक दिसायचं. काळ्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी कॉकपिटचं मोठं छापील चित्र चिकटवलं होतं, समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. रोज सकाळी, घरमालकीण वाळत घातलेल्या गुंद्रुकच्या आंबवलेल्या पाल्यावर कापड पसरायला येई त्याआधी, ते दोघं त्या खुर्च्यांवर बसून उडत. हात हवेत, बोटं छापील बटणांवर. एक चालवणार, दुसरा नजर ठेवणार. घरमालकीण हसायची. "काय कप्तानसाहेब, आज कुठवर? पोखरा का लंडन?" सौगात मान न वळवता म्हणायचा, "दिदी, लंडन. बेल्ट बांधा." नजर ठेवणाऱ्याचं काम बसून राहण्याचं नव्हतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. चालवणाऱ्याचे डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. दोनपैकी एक इंजिन गेलं की सगळं लक्ष पायात आणि नाकाच्या दिशेत जातं. तेवढ्यात विमान ठरलेल्या उंचीवरून शंभर फूट निसटतं, आणि त्या शंभर फुटांवर दुसऱ्याने हाक द्यायची असते: अल्टिट्यूड. चालवणारा म्हणतो, करेक्टिंग. बस. त्या हाकेत राग नसतो, टोमणा नसतो, आणि ती दिल्याबद्दल आभार मानायचे नसतात. सौगातची हाक कधी चुकली नव्हती. सुईबिई काही नसायची तिथे, बिपनाने नुसतं तोंडाने सांगायचं, आता नऊ हजार, आता नऊ हजार पन्नास, आणि शंभर म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्याचा आवाज आलेला असायचा. कधी पाणी भरताना, कधी मोमो खाताना, कधी जिन्यात भेटल्यावर ती मुद्दाम पुटपुटायची, नऊ हजार ऐंशी, नऊ हजार नव्वद, आणि तो घास तोंडात असताना म्हणायचा, अल्टिट्यूड, खाऊ दे की. तिला वाटायचं, लग्नात माणसं जे काही एकमेकांना वचन म्हणून देत असतील ते याहून मोठं नसणार. तो तिला आवडायचा का, हा प्रश्न तिने कधी पूर्ण होऊ दिला नव्हता. विश्वास होता. विश्वास ही आवडण्यापेक्षा मोजता येण्याजोगी गोष्ट होती.

मग याच विमान कंपनीने बोलावलं. जागा एक. चाचणी जोडीने घ्यायची पद्धत, कारण विमान एकट्याने चालत नाही, आणि जोडी उमेदवारांनीच आणायची. हँगरमागच्या इमारतीत न हलणारं सिम्युलेटर होतं, त्यात दोघांना पुढे बसवून मागच्या स्टुलावर परीक्षक बस्न्यात सर. आधी सौगातने चालवलं. तिने तीन वेळा हाक दिली, तिन्ही वेळा शंभरावर, तिन्ही वेळा त्याने दुरुस्त केलं. मग तिची पाळी. चढताना एक इंजिन गेलं, ते जाणार हे ठाऊकच होतं, तिने पाय दाबला, नाक सरळ धरलं, आणि ती त्या दाबण्यात पूर्ण बुडाली. कुठेतरी आत तिला माहीत होतं की उंचीकडे पाहायची गरज नाही, तिकडे सौगात आहे. त्या माहीत असण्यावर तिने पाठ टेकली होती. "अल्टिट्यूड," तो म्हणाला. तिने पाहिलं तेव्हा ती ठरलेल्या उंचीच्या तीनशे फूट वर होती, आणि मागे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज येऊन गेला होता. तीनशे ही मर्यादा होती. हाक आली होती, पण पेन्सिलीनंतर. एक आवंढा गिळावा एवढा उशीर. बस्न्यात सर नंतर म्हणाले, "उंची सोडलीस, नानी. जोडीदाराने सांगितलं, तरी सोडलीस." त्यांच्या कागदावर सौगातच्या रकान्यात हाक दिल्याची खूण होती. किती वेळाने दिली याला रकाना नव्हता. बाहेर पडताना दारात सौगात म्हणाला, "तुला ऐकू आलं नाही का? मी तर म्हटलं होतं." तिने या वाक्यावर विश्वास ठेवला, हेच नंतर तिला सगळ्यात लागलं. कित्येक महिने ती स्वतःच्या कानांची शंका घेत राहिली; एकदा पाटणच्या इस्पितळात जाऊन कान तपासूनही आली. डॉक्टर म्हणाले, तुला तर भिंतीपलीकडचंही ऐकू येईल. त्या दिवशी परत येताना रत्नपार्कपाशी गर्दीत उभी असताना तिला कळलं, की तो शांत राहिला असता तर त्यालाही गुण गेले असते. वेळेवर बोलला असता तर ती वाचली असती. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद फट होती, आणि तो त्या फटीतून बरोबर पार झाला होता. इतकं नेमकं घाबरून होत नाही. किंवा होतही असेल. हेच तिला आजवर ठरवता आलं नव्हतं, आणि न ठरवता आलेली गोष्ट दातात अडकलेल्या धाग्यासारखी असते, जीभ तिथेच जाते.

सौगात दुसऱ्या आठवड्यात खोली सोडून गेला. त्याच्या खुर्चीवर आता डोल्मा बसते. डोल्मा तामाङ, पंचविशीही न गाठलेली, रामेछापची, हसली की डोळे मिटून जाणारी. तिला दिदी म्हणते आणि येताना खिशातून भटमास, भाजलेले सोयाबीनचे दाणे, आणते. परवा शुक्रवारी तीच चाचणी आहे, तेच स्टूल, तेच बस्न्यात सर, पुन्हा एकच जागा. दोघींनी जोडी म्हणून नावं दिली आहेत. आमाला दन्तकाली देवीला नवस फेडायचाय, म्हणून त्याआधी एक रात्र घरी ये, असा निरोप आला म्हणून बिपना आज या विमानात होती. आणि काल सकाळी गच्चीवर एक गोष्ट घडली होती, जिच्यावर तिने आत्तापर्यंत कापड टाकून ठेवलं होतं. डोल्मा चालवत होती. इंजिन गेलं असं धरलं होतं. डोल्माचा दोष बिपनाला पहिल्या आठवड्यातच कळला होता: पाय दाबताना ती श्वास धरते, आणि श्वास धरला की तोंडाने उंची मोजताना आकडे पळतात, तिचं तिलाच कळत नाही. नऊ हजार नव्वद, डोल्मा म्हणाली. एकशे वीस. दोनशे. बिपनाच्या तोंडात शब्द तयार होता. जीभ टाळूला लागलेली. आणि तिने तो तिथेच ठेवला. ठरवून नाही, असं ती स्वतःला म्हणाली. फक्त पाहायला, की किती वेळ ठेवता येतो. किती सोपं होतं. आत काहीच जड वाटलं नाही, उलट एक स्वच्छ, थंड मोकळेपणा, जसा नेम धरणाऱ्याला वाटत असेल. मग तिने हाक दिली, डोल्माने करेक्टिंग म्हटलं, हसली, भटमास पुढे केले. तेव्हा पहिल्यांदा बिपनाला कळलं की सौगातला त्या क्षणी काय वाटलं असेल. आणि त्याला ओळखल्याचा तिला राग आला, त्याने तिच्या आत येऊन बसायचं धाडस केल्यासारखा.

विमान उतरू लागलं होतं. पंख्याचा सूर उतरला, पंखामागची पाती खाली सरकली, पोटाखालून चाकं बाहेर आल्याचा धक्का तळव्यांना लागला. बाहेर चैताची धूळ आणि जळणाऱ्या शेतांचा धूर मिळून सगळं ताकासारखं झालं होतं. शेजारच्या दाइंनी डोळे मिटले. बिपनाने मिटले नाहीत. तिने मिटल्याशिवायच ऐकायला सुरुवात केली. शक्ती कमी केली. अजून थोडी. नाक जरा जास्तच खाली. वेग वाढतोय. डावीकडून वारा आहे, कप्तान पंख धरून ठेवतोय. मग धुरातून जमीन एकदम वर आली, उसाचं शेत, एक पत्र्याचं छप्पर, आणि धावपट्टी असायला हवी तिथे नव्हती, ती किंचित बाजूला होती. आणि बिपनाच्या ओठांनी तिला न विचारता शब्द उच्चारला, गो अराउंड, उतरू नकोस, परत वर चल. तिच्या ओठांवर तो पुरता होतो न होतो तोच दोन्ही इंजिनं गरजली. आसनाने तिला पाठीतून ढकललं, नाक वर गेलं, छप्पर खाली राहिलं, चाकं पुन्हा पोटात गेली. कुणीतरी किंचाळलं. म्हातारी मोठ्याने देवाचं नाव घेऊ लागली.

"काय झालं? काय झालं?" दाइंनी तिचं मनगट धरलं होतं.

"काही नाही दाइ. चांगलं झालं. कोणीतरी वेळेवर बोललं."

"कोण बोललं? मला तर काही ऐकू आलं नाही!"

जाळीतून पुन्हा सौगातचा आवाज आला, स्थिर, सर्दी झालेला: धावपट्टी नीट दिसली नाही, ही नेहमीची खबरदारी आहे, पुन्हा उतरतो आहोत. म्हणजे अजूनही हात त्याचेच मोकळे आहेत. म्हणजे नजर त्याची होती. कप्तानाने स्वतःच ठरवलं असेल हे शक्य होतं. तिने ही शक्यता नीट, प्रामाणिकपणे बाजूला काढून ठेवली. पण तिला ते माहीत होतं, जसं जिन्यातलं पाऊल कोणाचं ते माहीत असतं. सौगात बोलला होता. पेन्सिलीआधी, आवंढ्याआधी, वेळेच्याही किंचित आधी. त्याला येत होतं. त्या गच्चीवर येत होतं, इथे येत होतं. फक्त त्या एका खोलीत, जिथे जमीन रंगवलेली होती आणि पडलं तर दोघांपैकी एकच पडणार होतं, तिथे आलं नव्हतं. इथे तो स्वतःही विमानात बसलेला आहे. एवढंच. वर्षभर जिभेने चाचपलेला धागा निघाला आणि त्या जागी काहीच उरलं नाही, नुसती भोकाची जाणीव. तिला रडू येईल असं वाटलं, पण आली ती शरम, आणि ती सौगातची नव्हती. तिला डोल्माचं श्वास धरलेलं तोंड दिसलं. शब्द आत्ता तिच्या ओठांवर वेळेवर आला होता, कारण आत्ता तीही विमानात होती.

दुसऱ्या खेपेला विमान हलकेच टेकलं. मागच्या दाराने उतरून सगळे ओळीने टर्मिनलकडे चालू लागले, उन्हात डांबर आणि ऊस जळल्याचा वास. तिरक्या काचेतून कॉकपिट दिसत होतं. सौगात डोकं खाली घालून इंजिन बंद केल्यानंतरची यादी वाचत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याने वर पाहिलं तर दिसेल अशा जागी ती क्षणभर थांबली. त्याने पाहिलं नाही. यादी संपल्याशिवाय तो पाहणारच नव्हता. तिनेच त्याला ते शिकवलं होतं.

सामानाची हातगाडी यायला वेळ होता. तिने भिंतीशी जाऊन फोन लावला.

"डोल्मा, ऐक. लिहून घे हवं तर. इंजिन गेलं की तू श्वास धरतेस. म्हणून उंची सुटते. पाय दाबताना मोठ्याने मोज, श्वास सोडत. कळलं? आणि शुक्रवारी मी..."

"दिदी," डोल्मा म्हणाली. मागे कुठेतरी विमान उडत होतं. ती गच्चीवर असावी. "दिदी, मला माहीत आहे ते. काल कळलं."

"काल?"

"काल तुम्ही उशिरा बोललात ना. एकशे वीसलाही हाक आली नाही तेव्हा कळलं, आकडे पळतायत. मग मी आकडा दोनशेवर नेला, मग अडीचशे. मुद्दाम नेला. म्हटलं बघू." तिचा आवाज रागावलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "घरमालकीण दिदींनी सौगात दाइचं सांगितलं होतं मला. त्यांनाही सगळं माहीत आहे, तुम्हाला वाटतं त्या नुसत्या गुंद्रुक वाळवतात. मी आज सकाळी बस्न्यात सरांकडे जाऊन जोडीदार बदलून मागितला. तुमचं काही सांगितलं नाही, शप्पथ. म्हटलं, वेळ जुळत नाही."

बिपनाच्या तोंडात लप्सीची चव अजून होती, आंबट, मागून तिखट. "मी आत्ता तेच सांगायला..."

"हो दिदी," डोल्मा म्हणाली. "पण आत्ता."

आणि विमानाचा आवाज ओसरल्यावर, "तुम्हाला कोणी जोडीदार मिळेल ना? उद्यापर्यंत नाव द्यायचंय. कोणाला विचारायचं, सांगू का मी?" हे तिने खरंच विचारलं होतं.

फाटकाबाहेर बा उभे होते, ढाका टोपी, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. त्यांनी तिची बॅग हातातून घेतली आणि न विचारता पाठीवर टाकली, पट्टा खांद्यावर ओढून. "एकदा उतरता उतरता परत वर गेलं ना? मी इथून बघितलं. आमाला फोन करून सांगितलं नाही, उगाच घाबरेल," असं म्हणत ते मोटारसायकलच्या दिशेने चालू लागले. ते बोलतच होते, पुढे पाहून: बस्न्यात म्हणजे ताप्लेजुङकडचे का, त्यांचा एक भाऊ आमच्या पलटणीत होता, नवसाला नारळ घ्यायचाय, शुक्रवारी किती वाजता, तुझी ती जोडीदारीण चांगली आहे ना, भरवशाची आहे ना. रिक्षावाले मध्ये आले, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन एक बाई मध्ये आली. बिपना फाटकापाशीच थांबली. कधी वळतील हे पाहावं म्हणून ती थांबली. बा मोटारसायकलपाशी पोहोचले, बॅग मागे ठेवली, रबराच्या दोरीने एकेक फेरा घट्ट ओढत बांधू लागले, आणि ती मागेच उभी आहे असं समजून बोलत राहिले.